जस्ताच्या छपराखाली : पॅरिस, ऑगस्ट २००३

‘३९ अंशांना माणसे मरतात?’ पॅरिसमधील २००३ च्या उष्णतेच्या लाटेविषयी वर्गात बोलू लागले की हा प्रश्न हमखास येतो, आणि तो बहुधा नागपूर, चंद्रपूर, अकोला या बाजूच्या विद्यार्थ्याकडून येतो. प्रश्नामागे किंचित हसूही असते. ज्या प्रदेशात पारा ४५ अंशांवर गेला तरी लग्ने लागतात, बाजार भरतात आणि एस.टी. धावते, तेथील माणसाला युरोपातील एका सुखवस्तू राजधानीने ३९ अंशांपुढे हात टेकावेत याचे नवल वाटणे स्वाभाविकच आहे. मात्र हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. त्याचे उत्तर शोधू लागलो की हवामानशास्त्र लवकरच मागे पडते आणि घरबांधणी, कामगार कायदे, कादंबरी, मृतांची मोजदाद अशा अनपेक्षित दालनांतून फिरावे लागते. प्रस्तुत लेखात आम्ही ती वाट थोडीफार चालून पाहणार आहोत.

प्रथम घटनाक्रम. पॅरिस हे मुळात उन्हाची वाट पाहणारे शहर आहे. जुलै-ऑगस्टमधील तेथील सरासरी कमाल तापमान २५ अंशांच्या आसपास असते. ऊन पडले की लोक पदपथावरच्या टेबलांशी येऊन बसतात. २००३ साली वसंतापासूनच पाऊस कमी पडला होता आणि जूनही नेहमीपेक्षा बराच तापला होता. जमिनीतील ओल आटत गेली. ओल्या जमिनीवर पडणाऱ्या उन्हाचा काही भाग पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतो. कोरड्या जमिनीवर तो हवा तापवण्याच्या कामी येतो. अशा वाळलेल्या भूमीवर ऑगस्टच्या आरंभी उच्च दाबाचे क्षेत्र ठाण मांडून बसले. ४ ते १२ ऑगस्ट असे सलग नऊ दिवस पॅरिसचे कमाल तापमान ३५ अंशांच्या वर राहिले, त्यांत एकदा ते ३९ अंशांच्याही पुढे गेले. याहून घातक ठरल्या त्या रात्री. ११-१२ ऑगस्टच्या रात्री शहराचे किमान तापमान २५.५ अंश होते. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरण्यासाठी जी गार वेळ लागते ती त्या आठवड्यात शहराला मिळालीच नाही.

या उन्हाची सर्वांत नेमकी नोंद द्राक्षांनी केली. एमान्युएल ल रॉय लादुरी या इतिहासकाराने १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या हवामानाच्या इतिहासात द्राक्षतोडणीच्या तारखा हे प्रमुख साधन म्हणून वापरले होते. तोडणी लवकर, तर उन्हाळा कडक. तोडणी उशिरा, तर उन्हाळा थंड, असे हे साधे गणित. फ्रान्समधील गावोगावच्या दप्तरांत तोडणीच्या तारखा शतकानुशतके नोंदवून ठेवलेल्या आहेत. २००३ साली बोजोले भागात ऑगस्टच्या मध्यावरच तोडणी सुरू झाली. बर्गंडीतील तारखांच्या आधारे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने असा निष्कर्ष काढला की १३७० पासूनच्या मालिकेत २००३ इतका उष्ण उन्हाळा दुसरा नाही. द्राक्षांचा हिशेब असा सहा शतकांचा सलग सापडतो. माणसांचा हिशेब लागायला मात्र वेळ लागला.

फ्रेंच भाषेत अशा उन्हाला ‘कानिक्युल’ म्हणतात. हा शब्द लॅटिनमधील ‘कानिक्युला’वरून, म्हणजे ‘लहानगी कुत्री’ या अर्थाच्या शब्दावरून आला. हे आकाशातील एका ताऱ्याचे नाव; आपण त्याच ताऱ्याला व्याध म्हणतो. हा तारा सूर्योदयापूर्वी पुन्हा दिसू लागला की रोगराईचे, तापाचे आणि पिसाळलेल्या कुत्र्यांचे दिवस आले, अशी प्राचीन रोमन समजूत होती. आपल्या परंपरेत व्याधाने ज्याच्यावर बाण सोडला तो मृग, आणि सूर्य मृग नक्षत्रात शिरला की पावसाची चाहूल लागते. आकाशाचा तोच तुकडा त्यांच्याकडे काहिलीचा आणि आपल्याकडे काहिली संपल्याचा संकेत ठरला. या फरकाचा परिणाम वाङ्मयावरही झालेला दिसतो. ‘ऋतुसंहारा’चा प्रारंभच ग्रीष्माने होतो, ग्रीष्म हा आपल्या कवींना भेडसावणारा आणि तरीही ओळखीचा ऋतू आहे. पॅरिसच्या वाङ्मयात शरदाची उदासी आहे, पाऊस आहे, धुके आहे. जीव घेणारे ऊन फ्रेंच कादंबरीत येते ते बहुधा अल्जीरियासारख्या दूरच्या किनाऱ्यावर. जे शहराच्या कल्पनेतच नव्हते, त्यासाठी शहराने तयारी केलेली नसणे ओघानेच आले.

ही गैरतयारी दगडात आणि धातूत बांधलेली होती. १८५३ ते १८७० या काळात ओस्मान या प्रीफेक्टने पॅरिसची फेररचना केली. रुंद रस्ते, दुतर्फा एकसारख्या उंचीच्या दगडी इमारती आणि वर जस्ताच्या पत्र्याची करडी छपरे हे आज चित्रांतून जगभर पोहोचलेले पॅरिस बहुतांशी त्या काळचे आणि त्या घडणीचे आहे. या इमारतींत मजल्यांप्रमाणे माणसांची प्रतवारी असे. खालच्या-मधल्या मजल्यांवर मालक आणि प्रतिष्ठित भाडेकरू. अगदी वर, थेट छपराखाली मोलकरणींच्या खोल्या. या खोल्यांना जाण्याचा जिना निराळा, नळ आणि संडास सामाईक, आणि डोक्यावर लाकडी फळ्यांवर ठोकलेला जस्ताचा पत्रा. एमिल झोलाची ‘पो-बुई’ (१८८२) ही कादंबरी अशाच एका इमारतीची आहे. तिच्या शेवटाकडे आदेल नावाची मोलकरीण छपराखालच्या आपल्या खोलीत एकटीच बाळंत होते. शेजारच्या खोल्यांना कळू नये म्हणून ती ओरडतही नाही. इमारतीच्या पुढच्या जिन्यावरच्या सभ्यतेला त्या खोलीत काय घडले याचा पत्ता लागत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा प्रसंग २००३ च्या अहवालांशेजारी ठेवून वाचावा असे आम्हांस वाटते.

मोलकरणी गेल्या, खोल्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांत विद्यार्थी, स्थलांतरित मजूर, अल्प निवृत्तिवेतनावरची वृद्ध माणसे राहू लागली. अनेक ठिकाणी लिफ्ट वरपर्यंत पोहोचत नव्हती. उन्हात जस्ताचा पत्रा तापे, त्याखालची खोली भट्टी होई, आणि दगडी भिंतींनी दिवसभर साठवलेली उष्णता रात्रभर बाहेर पडत राही. लाटेनंतर घरी राहणाऱ्या वृद्धांच्या मृत्यूंचा जो अभ्यास झाला, त्यात अंथरुणाला खिळलेली अवस्था आणि आधीचे आजार यांच्या जोडीने एक धोका ठळकपणे पुढे आला : वरच्या मजल्यावर, थेट छपराखाली झोपणे. १३ फ्रेंच शहरांची तुलना केली असता लीलमध्ये मृत्यूंचे प्रमाण नेहमीपेक्षा ४ टक्क्यांनीच वाढलेले दिसले, पॅरिसमध्ये ते १४२ टक्क्यांनी वाढले होते. दक्षिणेकडील मार्सेय्य हे उन्हाची सवय असलेले बंदर. तेथील वाढ पॅरिसच्या मानाने कितीतरी कमी होती. लाट सर्वत्र सारखी तीव्र नव्हती हे खरे. पण या फरकाचा काही भाग शहराच्या घडणीत आणि सवयीत शोधावा लागतो.

दुसरे कारण दिनदर्शिकेत होते. १९३६ साली लोकआघाडीच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळवून दिली. ती १९५६ साली तीन, १९६९ साली चार आणि १९८२ साली पाच आठवड्यांची झाली. ही फ्रेंच कामगार चळवळीची मोठी कमाई होय, आणि तिच्यातूनच ऑगस्टमध्ये पॅरिस रिकामे करण्याची प्रथा सार्वत्रिक झाली. दुकाने बंद, दवाखाने बंद, इमारतींचे रखवालदार रजेवर, मुले-नातवंडे समुद्रावर. मागे राहतात ती ज्यांना जाणे परवडत नाही वा झेपत नाही अशी माणसे. एरवी पाववाल्याने ‘म्हातारबाबा दोन दिवस दिसले नाहीत’ असे म्हटले असते. पण पाववालाही गावाला गेला होता. उन्हाळा म्हणजे सुट्टी, या समजुतीवर अवघे शहर चालत होते, आणि त्या समजुतीत सरकारही सामील होते. राष्ट्राध्यक्ष ज्याक शिराक कॅनडात सुट्टीवर होते. १० ऑगस्ट रोजी पात्रिक पेलू या तातडीच्या विभागातील डॉक्टरांनी माणसे उष्णतेने मरत असल्याचे प्रसारमाध्यमांतून जाहीरपणे सांगितले. ११ तारखेला आरोग्यमंत्री ज्याँ-फ्रांस्वा मात्ते यांची मुलाखत त्यांच्या सुट्टीतील घराच्या बागेतून दाखवली गेली. अंगात पोलो शर्ट, चेहऱ्यावर निश्चिंती; हे दृश्य पुढे कित्येक वर्षे फ्रेंच जनतेच्या स्मरणात राहिले. पॅरिस परिसरातील रुग्णालयांसाठी आणीबाणीची योजना लागू झाली ती १३ ऑगस्टला, आणि त्यानंतर लवकरच लाट ओसरली. एका दिवसातील मृत्यूंची सर्वाधिक संख्या १२ तारखेला येऊन गेली होती. १८ ऑगस्टला आरोग्य संचालक ल्युसियँ आबेनाइम यांनी राजीनामा दिला.

मृतांचा आकडा कसा बाहेर आला, हा या प्रकरणाचा सर्वांत बोलका भाग आहे. उष्णतेने मेलेल्या माणसाच्या दाखल्यावर ‘उष्णता’ असे क्वचितच लिहिले जाते. तेथे हृदयविकार, श्वसनविकार, वार्धक्य असे काही येते. त्यामुळे व्यवस्थेला बराच काळ काही दिसतच नव्हते. दिसले ते शवागारांना. रँजीस येथील घाऊक अन्नबाजारातील शीतगृह मृतदेहांसाठी वापरावे लागले. २० ऑगस्टच्या सुमारास अंत्यविधीचे काम करणाऱ्या एका मोठ्या कंपनीने आपल्या नोंदींवरून नेहमीपेक्षा दहा हजारांहून अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज सांगितला. पुढे सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने १ ते २० ऑगस्ट या काळातील मृत्यूंची मागील वर्षांच्या सरासरीशी तुलना करून १४,८०२ हा आकडा निश्चित केला. त्या उन्हाळ्यात साऱ्या युरोपात ७०,००० हून अधिक जादा मृत्यू झाले, असे नंतरच्या संशोधनातून निष्पन्न झाले. ३ सप्टेंबर रोजी पॅरिसबाहेरील तिए येथील दफनभूमीत, नातलगांपैकी कोणीही ताब्यात न घेतलेले ५७ मृतदेह पुरण्यात आले. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष शिराक आणि महापौर बेर्त्राँ देलानोए उपस्थित होते.

या ५७ शवपेट्यांनी एक सोयीची कथाही जन्माला घातली. मुले समुद्रावर मौज करीत राहिली आणि म्हातारे आईबाप घरात मेले, अशी ती कथा. फ्रान्समध्ये ती सांगितली गेली, आणि आपल्याकडील वाचकानेही ती समाधानाने ऐकली. पाश्चात्त्यांची कुटुंबव्यवस्था मोडल्याचा आणखी एक पुरावा म्हणून. आकडे या कथेला पुरता दुजोरा देत नाहीत. एकूण मृतांपैकी निम्म्याहून अधिक माणसे रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत मेली, म्हणजे ती कोणाच्या तरी देखरेखीखाली होती. पण तेथेही गार खोल्या नव्हत्या आणि ऑगस्टमुळे कर्मचारी कमी होते. कुटुंबाला दोष दिला की घर, रुग्णालय, वेतन, छप्पर यांविषयी बोलावे लागत नाही.

इतिहासात थोडे मागे गेलो तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. १९११ च्या उन्हाळ्यातही फ्रान्स असाच तापला होता. जुलै ते सप्टेंबर या काळात सुमारे ४०,००० जादा मृत्यू झाल्याचा इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि मृतांत तान्ह्या मुलांचा भरणा मोठा होता. नासलेले दूध आणि त्यातून होणारा अतिसार ही त्याची मुख्य कारणे. त्याच उन्हाळ्यात, २१ ऑगस्ट १९११ रोजी, लूव्ह्र संग्रहालयातून ‘मोनालिसा’ चोरीला गेली. आज १९११ म्हटले की ती चोरी आठवते. ती मुले कोणाच्या लेखी नाहीत. पुढे बालसंगोपन केंद्रे, निर्जंतुक दूध, स्वच्छ पाणी यांनी पाळण्यातील मृत्यू आटोक्यात आणले. म्हणजे उष्णतेपुढे कोण दुबळे ठरणार हे बरेचसे समाज ठरवतो. ज्यांच्याकडे लक्ष गेले ती मुले वाचली. २००३ साली ज्यांच्याकडे लक्ष गेले नव्हते ते वृद्ध मेले.

आणि लक्ष गेल्यावर काय होते हेही दिसून आले. २००४ साली उष्णतेसाठी राष्ट्रीय योजना आखली गेली. इशाऱ्यांच्या पायऱ्या ठरल्या, एकट्या-दुबळ्या व्यक्तींच्या नोंदवह्या नगरपालिकांकडे आल्या, वृद्धाश्रमांत निदान एक गार खोली सक्तीची झाली. या खर्चासाठी एक सुट्टीचा दिवस कामाचा करण्यात आला. ज्या देशात पगारी रजा ही चळवळीची कमाई, तेथे हा निर्णय सुखासुखी पचणारा नव्हता. २००६ च्या जुलैत पुन्हा मोठी लाट आली, तेव्हा जुन्या अनुभवावरून बांधलेल्या अंदाजापेक्षा सुमारे ४,४०० मृत्यू कमी झाले. २५ जुलै २०१९ रोजी पॅरिसने ४२.६ अंशांचा विक्रम नोंदवला. त्या उन्हाळ्यात देशभरात उष्णतेचे सुमारे १,५०० बळी गेले. पारा २००३ हून वर, बळी एक-दशांश. छपरे मात्र तीच आहेत. जस्ताची छपरे घालणाऱ्या पॅरिसच्या कारागिरांचे कसब डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले. त्या कसबाचे मोल आम्ही नाकारत नाही. पण सुंदर दिसणाऱ्या शहराकडे खालून पाहणे वेगळे आणि त्या छपराखाली झोपणे वेगळे, एवढे ध्यानात असावे.

आता मूळ प्रश्नाकडे. ३९ अंशांना माणसे मरतात का? विदर्भातील माणूस ४५ अंश सोसतो, यामागे मार्चपासून हळूहळू तापत जाणारे शरीर आहे, वाळ्याचे ताटे आणि कूलर आहेत, माठ आणि पन्हे आहे, दुपारी बंद होणारी दुकाने आहेत. ही संस्कृतीची कमाई खरी. पण ती सर्वांच्या वाट्याला सारखी आलेली नाही. ज्या २००३ साली पॅरिसमध्ये हे घडले, त्याच वर्षी मे-जूनमध्ये आंध्र प्रदेशात उष्माघाताने हजाराहून अधिक माणसे दगावली, त्यांत उघड्यावर राबणारे मजूर पुष्कळ होते. त्यांच्यासाठी कोणा मंत्र्याची खुर्ची डळमळल्याचे आमच्या स्मरणात नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, हे कळले ते नंतरच्या संशोधनातून. पॅरिसचीच मोजण्याची रीत तेथे वापरली गेली तेव्हा. त्यातूनच २०१३ साली त्या शहराने उष्णतेसाठी कृतियोजना आखली. आणि १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत, खारघरच्या खुल्या मैदानावर ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराच्या सोहळ्याला भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा बळी गेला. त्या दिवशी आसपास नोंदले गेलेले कमाल तापमान ३८ अंशांच्या घरात होते. म्हणजे प्रश्नाचे उत्तर शोधायला पॅरिसपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती.

दुष्काळाचे वाङ्मय आपल्याकडे आहे. ‘बनगरवाडी’च्या अखेरीस दुष्काळाने गाव उठते, आणि ते उठणे सर्वांच्या डोळ्यांदेखत घडते. उष्णतेचा मृत्यू असा दिसत नाही. तो बंद दाराआड, एकेकट्याने, दुसऱ्याच कारणाच्या नावाखाली येतो. मागे पडकी भिंत किंवा उजाड गाव ठेवत नाही. म्हणूनच तो कथेत शिरत नाही आणि दप्तरातही शिरत नाही. पुणे, नाशिक, बेंगळुरू ही आपली सौम्य हवेचा अभिमान बाळगणारी शहरे. त्यांतील जुन्या वाड्यांच्या जागी वरच्या मजल्यावर तापणारे स्लॅब आले आहेत. मुले परदेशी गेलेली वृद्ध जोडपी त्यांखाली राहतात. त्याच शहरांच्या वस्त्यांतील हजारो घरांवर पत्रे आहेत. ते पत्रे लोखंडाचे खरे, पण त्यांवर मुलामा असतो तो जस्ताचाच.

पुढच्या वेळी वर्गात तो प्रश्न आला, तर आम्ही तापमान सांगण्याआधी उलट तीन प्रश्न विचारणार आहोत : घर कितव्या मजल्यावर आहे, छप्पर कशाचे आहे, आणि दोन दिवस दार उघडले नाही तर ते कोण ठोठावेल?